गावाहून मुलांना घेऊन एका दिवसात नागपूरचा अजब बंगला नीट पाहून होतो का?

होतो, पण सोमवार टाळा, त्या दिवशी अजब बंगला, म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालय, बंद असतं. पहाटेची यष्टी धरून दार उघडायच्या वेळेलाच पोचा. १८६३ चं हे संग्रहालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

हमखास चूक अशी, की मुलं पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी रमतात आणि पुढची दालनं धावत उरकावी लागतात. म्हणून पुरातत्त्व आधी, प्राणी शेवटी. पुरातत्त्व दालनात गुंगेरिया गावचा तांब्याचा साठा विचारून पाहा. १८७० मध्ये तिथे, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले. सगळे इथे नाहीत, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले.

विदर्भावर जुन्या काळी राज्य केलेल्या वाकाटक राजांच्या ताम्रपटांपाशी, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या लेखांपाशी, मात्र थांबाच. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चौकोनी पेटी कोरलेली असते, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. काचेवर उजेड चमकतो, समोरून काही दिसत नाही. जरा तिरपं उभं राहिलं की खाचा उठून दिसतात. लेकरांना वहीत दोन-तीन अक्षरं काढू द्या, फोटोपेक्षा ती जास्त लक्षात राहतात.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, दिसला तर खालून वर वाचा: खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. आपल्या गावच्या पारावर शेंदूर फासलेला असा दगड असेल, तर तोही मग वाचता येईल.

डबा सोबत न्या, पण दालनात काढू नका. खरकट्याने मुंग्या-कसर लागते. अडीच-तीन तास पुरतात.