तलवार कुठल्या बाजूला, या तुझ्या प्रश्नाबद्दल

पिल्लू,

परवा लग्नाचे फोटो बघताना तू विचारलंस, आई, छोटूदादानी तलवार उजव्या बाजूला लावलीय, त्याला ती काढताच येणार नाही, मग घातली कशाला, आपलं सगळं असं फोटोपुरतंच असतं का? मी तेव्हा काही बोलले नाही, उठून भाजी बघायला गेले. पण ते ‘आपलं सगळं’ मला लागलं. म्हणून लिहितेय, हळूहळू वाच, अडलं तर बाबांना विचार.

बाजूचं तुझं अगदी बरोबर आहे. उजव्या हातानं लढणाऱ्याची तलवार डाव्या कमरेला. उजवा हात पोटावरून पलीकडे न्यायचा, डाव्या हातानं म्यान दाबून धरायचं आणि उपसायची. त्याच बाजूनं लांब पातं ओढलं तर अर्धंच बाहेर येतं, हात पुरत नाही. छोटूदादाची तलवार शेरवानीसोबत भाड्यानं आली होती, फेटा, मोजडी, मोत्याची माळ, तलवार असा सेटच मिळतो आता नांदेडला, आणि दुकानातल्या पोरानं ज्या बाजूला फोटोग्राफर उभा होता त्या बाजूला ती अडकवून दिली.

आता माझ्या लहानपणीचं सांगते. कंधारकडचा आपला वाडा तू पाहिलास तेव्हा अर्धं माळवद पडलेलं होतं, पण आम्ही लहान असताना माजघरात देवळीच्या वर दोन खुंट्यांवर एक तलवार आडवी ठेवलेली असायची. वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही. खंडेनवमीला आप्पा ती खाली घ्यायचे, राखेनं पातं घासायचे, खोबरेल तेलाचा हात फिरवायचे आणि मग विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास यांच्याच ओळीत ती पण मांडायची, हळदकुंकू, झेंडू, लिंबू. ओळीत तिला वेगळा मान नव्हता, हे मला अजून आवडतं. रझाकारांच्या वेळी ती बळदात ज्वारीखाली पुरून ठेवली होती म्हणे, आणि १९४८ च्या सप्टेंबरात पुलिस अ‍ॅक्शन झाली तेव्हा बाहेर काढली. तिनं कुणाला मारलं असं घरात कुणी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पूजा झाली की आप्पा मोठ्या मामाला समोर उभा करायचे. सदऱ्यावरून शेला, घट्ट वेढे, गाठ बाजूला. त्याच्यावर जुना चामड्याचा पट्टा. म्यानाला दोन कड्या असतात, त्यातून दोन पट्ट्या, मुठीजवळची आखूड आणि खालची लांब, म्हणजे मूठ पुढे वर राहते अन् टोक मागे झुकतं, नाहीतर चालताना पायात येतं आणि घोड्यावर तर बघायलाच नको. कट्यार असेल तर ती शेल्यात पुढून खोचायची, ढाल पाठीवर. जुन्या चित्रांमधले सरदार बघ, असेच दिसतील. मामा मग डावा हात मुठीवर ठेवून अंगणात चार पावलं चालून दाखवायचा, पाठ ताठ, एरवी कसा पोक काढून चालायचा.

मला मात्र कधी बांधली नाही. माय म्हणायची पोरींनी ओवाळायचं. मी ओवाळायचे. एका वर्षी मी रडायला लागले तर आप्पा म्हणाले, “कामून रडायलीस?” आणि तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं. तिथून पुढं तेल लावायचं काम माझं झालं. माझं समाधान झालं का, तर झालं नाही. पण पात्याचं वजन, मुठीची थंडी, म्यानाच्या तोंडाशी पातं कसं अडतं हे मला त्यामुळं कळलं.

मग शिकायला नांदेडला आले आणि तिथं बघते तर कमरेची तलवार रस्त्यावर, रोजची. गुरू गोविंदसिंगजींचं निधन १७०८ साली नांदेडलाच झालं, सचखंड गुरुद्वाऱ्याकडे जाताना निळ्या कपड्यातले निहंग, म्हणजे शिखांमधले शस्त्रधारी योद्धे, सायकलवरून चाललेले दिसायचे, दसऱ्याला हल्लाबोल निघाला की नंग्या तलवारी घेऊन सगळे धावत सुटायचे. माझ्या वर्गातल्या एका शीख मैत्रिणीची कृपाण गातऱ्यात असायची, उजव्या खांद्यावरून पट्टा आणि डाव्या कमरेला कृपाण. ती मुलगी होती आणि तिला ती होती, मला याचं लई अप्रूप वाटायचं. आपल्या घटनेच्या कलम २५ मध्येच लिहिलंय की कृपाण बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचा भाग आहे. ती काही फोटोसाठी घालत नव्हती, परीक्षेला पण घालूनच बसायची.

काकाआजोबांचा फौजदाराच्या ड्रेसमधला फोटो आठवतो ना, खांद्यावरून तिरका चामडी पट्टा? त्याला सॅम ब्राऊन बेल्ट म्हणतात. सॅम ब्राऊन हा इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी, १८५८ साली आपल्याच देशात लढताना त्याचा डावा हात गेला. मग म्यान धरणार कोण? म्हणून खांद्यावरचा पट्टा, ज्यानं म्यान जागच्या जागी राहील. काकाआजोबांच्या कमरेला तलवार कुठंच नव्हती, पट्टा तेवढा राहिला, आणि ते रोज त्याला पॉलिश करायचे. तू बघतेस त्या अ‍ॅनिमेमधली कटाना ही जपानी तलवार धार वर करून कमरपट्ट्यात खोचलेली असते, त्याच्या आधीची ताची नावाची तलवार धार खाली ठेवून दोऱ्यांनी लटकवायचे. १८७६ ला जपान सरकारनं सैन्य-पोलीस सोडून बाकीच्यांनी तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. आणि इथं ब्रिटनमध्ये किल्ट, म्हणजे तो स्कॉटिश घागरा, घातलेले नवरदेव मोज्यात सुरी खोचतात, इथला १९८८ चा कायदा पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते चालवून घेतो. त्यांना कुणी विचारत नाही की ती काढून कापणार काय.

बघ, मी भांडायलाच लागले. तसं करायचं नव्हतं. कारण त्याच वरातीत डीजेपुढे पोरं तलवारी फिरवत होती ते मलाही आवडलं नाही, तुला मागं ओढलं ते त्यामुळंच. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतात, व्हिडिओ टाकतात, मग आर्म्स अ‍ॅक्टखाली पोलीस केस होते, अशा बातम्या वाचल्या की मला आप्पांची ती ओळ आठवते, खुरप्याशेजारची.

मामाच्या स्वतःच्या लग्नात तलवार नव्हतीच. हळद लागल्यापासून हातात कट्यार, टोकाला लिंबू, ती खाली ठेवायची नाही, जेवतानाही मांडीवर. तीच शेल्यात खोचून तो मारुतीला गेला होता. खोचून दिली आप्पांनी. छोटूदादाची भाड्याची होती याचं मला वाईट वाटलं नाही गं, पोरांना हौस असते. त्याला घरातल्या कुणी बांधून दिली नाही याचं वाटलं. मामा तिथंच होता, आहेराच्या गडबडीत. आणि इतक्या माणसांत चूक दिसली ती तुला, जी तिथं वाढलेलीही नाही. हे कळल्यावर मला तुझा राग येईना.

आपली तलवार आता मामाकडे आहे. खंडेनवमीला तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तू वरच्या खोलीत असतेस, असू दे, मी काही बळजबरी करणार नाही. पण तुझ्या फेन्सिंगची पकड आणि या मुठीची पकड यात काय फरक, वजन मनगटानं पेलायचं की खांद्यानं, हे तुला विचारावंसं वाटलं तर त्याला विचार, मला तेल लावता लावता जेवढं कळलं तेवढं मी लिहिलंय. तो दुपारी जेवण झाल्यावर मोकळा असतो, म्हणजे आपली सकाळ, तेव्हा शनिवारीच फोन कर.

तुझी,
आई