टोपणनाव मीच ठेवलं होतं

पत्र (थोडक्यात): ताई, मी 46 वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. आमच्या दहावीच्या वर्गातला एक जण दिवाळीनंतर हार्ट अटॅकनं गेला. पूर्व भागात त्याचे चार यंत्रमाग. शाळेत तो फार मोठ्यानं बोलायचा, म्हणून मी त्याला ‘भोंगा’ म्हणायला लागलो आणि ते नाव त्याला चिकटलं. सर त्याला वर्गाबाहेर काढायचे, आम्ही हसायचो. नंतरच्या 30 वर्षांत आमची भेट दोनदा झाली असेल. आता ग्रुपवर सगळे ‘जिवलग मित्र’ लिहायलेत. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्या दिवसांत बाहेरगावचे येतात म्हणून तेव्हा स्नेहमेळावा ठेवलाय, श्रद्धांजलीचं भाषण माझ्यावर आलंय. त्याच्या आईला भेटून माफी मागू का?
ता. क. एकदा त्याच्या घरी गेलो होतो. माग चालू होते, आई सुताच्या कांड्या भरत होती आणि हा शेजारी बसून ओरडून सतराचा पाढा म्हणत होता.

भाऊ,

तुमचं खरं पत्र त्या ता. क.मध्ये आहे.

मागाच्या घरात हळू बोललेलं ऐकूच जात नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, चार मागांचा खडखडाट, त्यात भाकरी हवी का हेसुद्धा ओरडूनच विचारायचं. ते पोर तोच आवाज घेऊन वर्गात यायचं. चौदा-पंधराव्या वर्षी तुम्हाला हे उमगायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. सरांना उमगायला हरकत नव्हती. आणि नाव तरी आपल्याच गावात सुचावं असं! माझ्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावायचे. “भोंगा होऊन गेला, तू अजून वेणीच घालायलीस?” हे आईचं रोजचं.

माफी मागायला जाऊ नका. ते टोपणनाव आईंच्या कानावर कधी गेलं होतं का, तुम्हाला ठाऊक नाही. गेलं नसेल तर मुलगा गेल्यावर त्यांना कळणार की तो वर्गात हसण्याचा विषय होता. वर तुमचे डोळे भरले की तुमचीच समजूत त्यांनी काढायची. एवढं काम त्या माउलीला लावू नका.

भेटायला मात्र जा, तेही मेळाव्याच्या आधी. तो सतराचा पाढा त्यांना सांगा. तुम्ही दारात उभे होतात, त्या कांड्या भरत होत्या, तो कुठं बसला होता, कुठं अडखळला, आठवेल तेवढं सगळं. त्यांच्या लेखी ती रोजचीच संध्याकाळ असणार, विसरूनही गेल्या असतील. घरातलं पहिलं वर्ष आहे, त्यामुळे तिळगूळ नेऊ नका. फळं न्या, आणि त्यांच्याकडची रीत कुणाला तरी आधी विचारून घ्या.

जायला लाज वाटते, हे मला कळतं. माझी एक वर्गमैत्रीण गेली तेव्हा मी तिचं घर दोन वर्षं टाळलं. चाटी गल्लीत तिची आई समोरून येताना दिसली आणि मी सरळ साड्यांच्या दुकानात शिरले. पुढं एकदाची भेटायला गेले, तर चहा देत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी साडी घेतलीस का गं?”

आता भाषण. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून मोठे शब्द बोललेले शोभतात, कारण ते सगळ्या गावाचे आहेत. हा तुमच्या वर्गातला होता. ‘जिवलग’ म्हणू नका, तो नव्हता. ‘भोंगा’ हे नाव तिथं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लपवायचंही काही नाही. हे नाव मी ठेवलं, तो मोठ्यानं का बोलायचा ते त्याच्या घरी मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी नाव चालूच ठेवलं, एवढं सांगा आणि खाली बसा. दोन मिनिटं पुष्कळ झाली. घरच्यांना मात्र त्या कार्यक्रमाला बोलावून पहिल्या रांगेत बसवू नका. शाल-श्रीफळ तर नकोच.

ग्रुपवर पैसे जमवायचं निघेलच. निघालं तर एकानंच जाऊन त्याच्या बायकोला विचारावं, मागांचं काय करायचं ठरलंय, सूतवाल्याची उधारी किती आहे. पाकीट देतानाचा फोटो कुणी टाकला तर त्याला तुम्ही झापा, माझं नाव सांगून झापा.

आणि दारात गेल्यावर जरा मोठ्यानं बोला. जन्मभर मागाशेजारी बसलेल्या बायकांना कमी ऐकू येतं.

— तुमची ताई