एचएसएतून गर्भपाताचा खर्च: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या वाचकांची आणि त्यांच्या इकडच्या घरच्यांची या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, हे उपचारांसाठीचं बचत खातं. भरताना कर नाही, वाढीवर कर नाही आणि उपचारासाठी काढलं तर तेव्हाही नाही. मोठ्या डिडक्टिबलचा (म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम मोठी असलेला) विमा असलेल्यालाच त्यात पैसे भरता येतात. २०२६ सालासाठी भरण्याची मर्यादा एकट्याला ४,४०० डॉलर आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर आहे.

प्रश्न: एचएसएचे पैसे आता गर्भपातासाठी वापरता येत नाहीत, असं ऑफिसात ऐकलं. खरं आहे का? (न्यू जर्सी)

नाही. कायदेशीर गर्भपाताचा खर्च आजही पात्र वैद्यकीय खर्च आहे. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याची, ५०२ क्रमांकाची पुस्तिका उघडली की वैद्यकीय खर्चांच्या यादीत अगदी सुरुवातीलाच ‘अबॉर्शन’ सापडेल. आयआरएसची ही भूमिका १९७३ पासूनची आहे. अट एकच: तो कायदेशीर असला पाहिजे.

ऑफिसातल्या बातमीचं मूळ बहुधा डिसेंबर २०२५मधल्या सेनेटच्या मतदानात आहे. सेनेटर माईक क्रेपो आणि बिल कॅसिडी यांच्या विधेयकात ब्रॉन्झ किंवा कॅटस्ट्रॉफिक विमा (हप्ता कमी, डिडक्टिबल मोठं असे प्रकार) घेणाऱ्यांच्या एचएसएत सरकारनं वर्षाला १,००० ते १,५०० डॉलर भरावेत असं होतं, आणि ते पैसे गर्भपातासाठी वापरता येणार नव्हते. ११ डिसेंबरला त्याला ५१ विरुद्ध ४८ मतं पडली. लागत होती ६०, त्यामुळे ते तिथेच थांबलं.

यातला एक फरक बातम्यांत हरवतो. ते बंधन सरकार भरणार होतं त्या पैशावर होतं. २०११च्या एच. आर. ३ या विधेयकाचा हात मात्र तुम्ही पगारातून भरलेल्या पैशापर्यंत पोहोचत होता. प्रतिनिधी सभेनं ते ४ मे २०११ रोजी २५१ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढं असं काही आलं तर पहिलं हे पाहा: बंधन कोणाच्या पैशावर आहे?

जाता जाता, न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात राज्याच्या करासाठी एचएसएला सवलत नाही. तिथं भरणाही करपात्र आणि खात्यातलं व्याजही.

प्रश्न: समजा बंदी आलीच. मग क्लिनिकमध्ये कार्ड चालणार नाही का? (शिकागो)

कार्ड बहुधा चालेल. घोळ तिथंच होईल. एचएसएचं खातं सांभाळणारी बँक प्रत्येक खर्च पात्र आहे का हे तपासत नाही, ती जबाबदारी खातेदाराची. वर्ष संपलं की बँक १०९९-एसए हा फॉर्म पाठवते, त्यावर फक्त एकूण काढलेली रक्कम असते. ती तुम्ही रिटर्नसोबतच्या फॉर्म ८८८९च्या १४ए ओळीत लिहिता आणि त्यातला पात्र खर्च किती हे १५व्या ओळीत. उरलेली रक्कम १६व्या ओळीत उत्पन्न म्हणून येते आणि १७बी ओळीत तिच्यावर आणखी २० टक्के लागतात. हा जादा कर २०१०पर्यंत १० टक्के होता, २०११पासून दुप्पट झाला. पासष्टी उलटलेल्यांना आणि अपंगत्व आलेल्यांना तो लागत नाही.

आकड्यात पाहू. क्लिनिकचं बिल ६०० डॉलर आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात. आज कर शून्य. हाच खर्च अपात्र ठरवला आणि आजचाच जादा कर त्याला लावला, तर १३२ डॉलर आयकर आणि १२० डॉलर जादा कर, मिळून २५२ डॉलर. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. म्हणजे ६०० डॉलरचा उपचार साडेआठशेवर जातो, आणि हे कळतं पुढच्या एप्रिलमध्ये, रिटर्न भरताना.

पैशापेक्षा आम्हाला जास्त खुपतं ते वेगळंच. २०११च्या विधेयकात बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका हे अपवाद होते. अमेरिकी संसदेच्या करविषयक संयुक्त समितीच्या कर्मचारीवर्गाचे प्रमुख थॉमस बार्थोल्ड यांना त्या वर्षी सुनावणीत याबद्दल विचारलं गेलं. ऑडिट झालं तर आपला खर्च अपवादात बसतो हे करदात्यालाच दाखवावं लागेल, असं त्यांच्या उत्तरातून निघालं. एखाद्या बाईनं बलात्काराचा पुरावा कर तपासणाऱ्यापुढे ठेवायचा, ही कल्पनाच निर्दय आहे. खर्च कशावर झाला हे पावतीवरून कळतं, गर्भ कसा राहिला हे कुठल्याच पावतीवर नसतं. ‘करात सूट म्हणजे सरकारी मदतच’ हा बंधनाच्या बाजूचा मुद्दा आम्ही समजू शकतो, पण त्याची अंमलबजावणी शेवटी या टेबलावर येऊन थांबते.

प्रश्न: दहाव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले होते. डी अँड सी करावं लागलं. बिलावर ‘मिस्ड अबॉर्शन’ लिहिलंय. एचएसएतून दिलेले पैसे परत करावे लागतील का? (सिअ‍ॅटल)

ताई, अजिबात नाही. आजही नाही, आणि तुमच्यासारख्या प्रसंगाकडे अशा विधेयकांचा रोखही नसतो. पण तुमची शंका रास्त आहे, कारण गोंधळ शब्दातच आहे. आपल्याकडेही ‘गर्भपात झाला’ आणि ‘गर्भपात केला’ यांत फरक एका क्रियापदाचा. डॉक्टरी इंग्रजीत आपोआप पडलेला गर्भही अबॉर्शनच, ठोके थांबून आत राहिलेलाही अबॉर्शनच.

बिलात खरा फरक पाच आकडी कोडमध्ये असतो. पहिल्या तीन महिन्यांत मिस्ड अबॉर्शनसाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा कोड ५९८२०. हेतुपुरस्सर केलेल्या गर्भपातासाठी डी अँड सी केलं तर ५९८४०. निदानाच्या रकान्यात मिस्ड अबॉर्शनला ओ०२.१, स्वेच्छेनं गर्भपातासाठी आलेल्या रुग्णाला झेड३३.२. ऑपरेशन टेबलावर दोन्हीकडे साधारण तेच घडतं, म्हणून बिलिंगमध्ये चुकीचा कोड पडू शकतो.

तुमच्याकडे बहुधा एका ओळीचं स्टेटमेंट आलं असेल. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडून कोडसकट तपशीलवार बिल मागवा. ५९८४० दिसला तर दुरुस्तीची विनंती लेखी करा आणि ठोके नसल्याचा सोनोग्राफी अहवाल सोबत जोडा. पॅथॉलॉजीचा अहवाल आणि विमा कंपनीनं पाठवलेला खर्चाचा खुलासा याच फाइलला लावा. रिटर्न भरल्यापासून किमान तीन वर्षं हे कागद जपा.

प्रश्न: टेक्सासमध्ये परवानगी नाही. डॅलसहून आल्बुकर्कीला गाडीनं गेलो तर प्रवासखर्च एचएसएतून घेता येतो का? (डॅलस)

उपचार न्यू मेक्सिकोत होतो आणि तिथं तो कायदेशीर आहे. त्यामुळे तो पात्र, असंच करसल्लागार सर्वसाधारणपणे धरतात. प्रवास मुख्यतः उपचारासाठीच हवा. जोडून सांता फे पाहून आलात तर तो मुद्दा कमजोर होतो.

गाडीचा २०२६चा वैद्यकीय दर मैलाला साडेवीस सेंट आहे. जाऊन येऊन सुमारे १,३०० मैल धरले तर २६६ डॉलर ५० सेंट. टोल आणि पार्किंग वेगळं मिळतं. मैल, तारीख आणि अपॉइंटमेंटचा कागद एकत्र ठेवा.

मुक्कामाला माणशी रात्रीला ५० डॉलरची मर्यादा आहे. सोबत कुणी असणं गरजेचं असेल तर दोघांचे १०० डॉलर. खोली १३० ची घेतलीत तरी १०० च. त्यात उपचार परवानाधारक हॉस्पिटलमध्ये किंवा त्याच्याशी संलग्न वा त्याच्या तोडीच्या केंद्रात डॉक्टरांनी केलेला असावा लागतो. लहान क्लिनिक त्यात बसेल की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून शंका असेल तर मुक्काम खिशातून द्या. वाटेतलं जेवण बसत नाही.

प्रश्न: मुलगी टेक्सासमध्ये आहे. इथून गोळ्या कुरिअर केल्या आणि तिनं ते पैसे तिच्या खात्यातून घेतले तर? (पुणे)

कृपा करून पाठवू नका. परदेशातून मागवलेली औषधं सर्वसाधारणपणे पात्र खर्चात धरली जात नाहीत, त्यामुळे एचएसएचा प्रश्न तिथेच मिटतो. मोठा धोका कायद्याचा आहे. ४ डिसेंबर २०२५ पासून टेक्सासमध्ये अशा गोळ्या पाठवणाऱ्यावर किंवा पुरवणाऱ्यावर खासगी व्यक्तीही दावा लावू शकते, आणि किमान एक लाख डॉलर भरपाई द्यावी लागू शकते. दावा गोळ्या घेणाऱ्या बाईवर लागत नाही, पण पाठवणाऱ्या आईवर लागू शकतो. शिवाय मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल भारतातही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची औषधं आहेत. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटून जीव धोक्यात येतो. सोनोग्राफीशिवाय ते कळत नाही.

ती इकडे आली आणि १९७१च्या एमटीपी कायद्यात बसेल अशा रीतीनं, मान्यताप्राप्त केंद्रात उपचार झाला, तर तो खर्च तिच्या एचएसएतून घेता येतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांनाच मुभा आहे आणि दोन डॉक्टर लागतात. हॉस्पिटलची छापील पावती घ्या, भरणा केला त्या दिवशीचा डॉलरचा भाव तिच्यावर टिपून ठेवा. विमानाचं तिकीट मात्र यात घालू नये. माहेरी येण्याचा प्रवास फक्त उपचारासाठी होता हे पटवणं अवघड आहे.

प्रश्न: कंपनीच्या विम्यातून गर्भपात वगळला आहे. मग एचएसएही बंद? (अ‍ॅटलांटा)

नाही, दोन्हींचे नियम स्वतंत्र आहेत. विम्यानं काय भरायचं हे कंपनी ठरवते, पण तुमच्या एचएसएतले पैसे कशावर खर्च करायचे यावर तिला अट घालता येत नाही. खातं तुमच्या नावावर आहे आणि नोकरी सुटली तरी तुमचंच राहतं. एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) आणि एचआरए (हेल्थ रिइम्बर्समेंट अरेंजमेंट) हे प्रकार मात्र कंपनीच्या योजनेचा भाग असतात, त्यांची यादी कंपनी आखूड करू शकते. एफएसएत पावती दाखवावीही लागते. तेव्हा तुमच्या कार्डामागे नेमकं कोणतं खातं आहे ते आधी पाहा, अनेकजणी इथंच फसतात. विम्यातून वगळलेला खर्च डिडक्टिबलमध्ये मोजला जात नाही, हेही हिशेबात धरा.

प्रश्न: तेवीस वर्षांची मुलगी नोकरी करते, पण माझ्याच विम्यावर आहे. तिचं बिल माझ्या एचएसएतून? (बोस्टन)

नाही. विमा २६व्या वर्षापर्यंत चालतो. एचएसएतून मात्र फक्त जोडीदार आणि कराच्या दृष्टीनं अवलंबून असलेल्यांचाच खर्च करता येतो. ती तुमच्या मोठ्या डिडक्टिबलच्या विम्यावर आहे आणि कोणाच्या रिटर्नवर अवलंबून दाखवली जाऊ शकत नाही, तर तिला स्वतःचं एचएसए उघडता येईल. पण खातं उघडण्याआधी झालेला खर्च त्यात बसत नाही. तुमच्या खात्यातून चुकून पैसे गेले असतील तर चूक लक्षात आली त्याच्या पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत परत भरता येतात. चूक खरी असावी लागते आणि बँकेची तयारी लागते, म्हणून आधी बँकेला फोन करा.

प्रश्न: हे कंपनीला किंवा नवऱ्याला कळतं का? (नाव, गाव नको)

फॉर्म ८८८९वर फक्त रकमा असतात, दवाखान्याचं नाव नाही. तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरत असाल तर त्याला एवढंच कळेल की इतके डॉलर काढले. कार्डाच्या स्टेटमेंटवर मात्र क्लिनिकचं नाव येतं. एचएसए संयुक्त नावानं नसतंच, पण जोडीदाराला जादा कार्ड दिलं असेल तर त्याला खात्यात काय दिसतं ते बँकेला विचारा. विम्यातून बिल गेलं तर खर्चाचा खुलासा पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्याकडे जातो. तो वेगळ्या पत्त्यावर हवा असेल तर उपचाराआधीच विमा कंपनीला लेखी कळवा. सूचना कंपनीच्या ईमेलवर येत असतील तर आजच स्वतःचा पत्ता टाका.