फ्रान्सच्या ग्रामीण भागात ग्रुपने फिरताना सगळ्यात जास्त काय आवडलं?

आम्ही दॉर्दोन्य नदीच्या भागात फिरलो आणि माझं उत्तर एकच, आदिमानवाची चित्रं असलेली रूफिन्याकची गुहा. सगळे लास्को लास्को करतात (तीही अशीच, पण जास्त प्रसिद्ध चित्रांची गुहा), पण ती मूळ गुहा लोकांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून 1963 पासून बंद आहे, आता बघतो ती प्रतिकृती, म्हणजे केलीये सुंदरच, बघाच, पण रूफिन्याकला खरी चित्रं दिसतात. छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनमधून आत नेतात, आधी भिंतीवर गुहेतल्या अस्वलांच्या नखांचे ओरखडे दिसतात आणि मग छतावर काळ्या रेषांनी काढलेले मॅमथ, घोडे, आयबेक्स (रानबकरे). तिथली जमीन नंतर खोदून खाली केलीये, चित्रं काढली तेव्हा छत इतकं जवळ होतं की काढणाऱ्याने आडवं पडूनच काढलं असणार, म्हणजे अख्खं चित्र त्याला एका नजरेत दिसलंही नसेल!! हे कळल्यावर आमचा एवढा बडबडा ग्रुप एकदम गप्प झाला.

दुसरं म्हणजे नदीतून कनू, म्हणजे वल्हवायची छोटी होडी. विट्राकहून बेनाकपर्यंत प्रवाहाबरोबरच जायचं, फार ताकद लागत नाही, आईबाबांच्या वयाचे लोकही आरामात येतात, वाटेत ला रोक-गाजाक गावाची कड्याला चिकटलेली घरं पाण्यातून बघायला मिळतात.

सार्ला गावाचा शनिवारचा बाजार पण मस्त, आक्रोड आणि शेळीच्या दुधाचं काबेकू चीज घ्याच. शाकाहारी असाल तर ऑर्डर देताना विचारा, सॅलडमध्येसुद्धा बदक असतं तिकडे.