ओंकारेश्वरच्या वाटेवर बाईक पंक्चर झाली तर आपल्या हाताने काढता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरहून बायकोला मागे बसवून ओंकारेश्वरला जायचंय, गाडी शंभर सीसीची, तारांची चाकं, ट्यूबवाले टायर. भेरूघाटात पंक्चर झालं आणि आसपास दुकान नसलं, तर स्वतःला काही करता येईल का, की गाडी ढकलतच न्यायची?

करता येतं. आणि तेही चाक न काढता. हे आधीच सांगतो, कारण व्हिडिओ बघून बहुतेक लोक एक्सलचे मोठे पाने घ्यायला धावतात. मागचं चाक रस्त्याच्या कडेला उतरवायचं म्हणजे ब्रेकचा रॉड सोडा, एक्सल ओढा, त्यातले बुश गवतात हरवू नयेत म्हणून सांभाळा, आणि परत बसवताना चेनचा ताण व चाकाची सरळ रेष पुन्हा जुळवा. एवढं सगळं कशासाठी? भोक ट्यूबला पडलंय. गाडी डबल स्टँडवर असली की टायरची एक बाजू रिमवरून उचकटून ट्यूब बाहेर ओढता येते. ती एक्सलभोवती अडकलेली राहते, राहू द्या. ठिगळ लावायला तिचा वीतभर तुकडा हातात आला की पुरे. हायवेवरचा कुठलाही जुना पंक्चरवाला साध्या गाडीचं काम असंच करतो.

आता वाटेबद्दल. तेजाजी नगर सोडलं की सिमरोलपर्यंत काळजी नाही, दुकानं भेटत राहतात. पुढे घाट लागतो, तिथे मात्र आपण आणि ट्रक. घाट उतरून बलवाडा, मग बडवाह, नर्मदेचा पूल, मोरटक्का आणि तिथून ओंकारेश्वरचा फाटा. या रस्त्यावर जिथे काम चालू असेल तिथे कडेला गिट्टी, सळयांचे तुकडे, बांधकामाचे खिळे पडलेले असतात. पण माझा खरा राग ट्रकच्या फुटलेल्या टायरांवर आहे. त्यांच्यातून निघालेल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. केसाएवढी तार टायरमध्ये शिरते, बाहेरून दिसत नाही, आणि ठिगळ लावलेल्या ट्यूबला दहा किलोमीटरवर पुन्हा भोक पाडते. लोक मग सोल्यूशनला, म्हणजे ठिगळ चिकटवायच्या द्रवाला, शिव्या घालतात.

पंक्चर बहुतेक वेळा मागच्या चाकाचं होतं. आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि मागचं त्यावर चढतं. गाडीचं बूड डुलू लागलं की समजायचं. तेव्हा ब्रेक जोरात दाबू नका, गॅस सोडा, हँडल घट्ट पण सरळ धरा आणि लावायचाच झाला तर चांगल्या चाकाचा ब्रेक हलक्या हाताने लावा. वळणाच्या पुढे सपाट जागा मिळेपर्यंत गाडी उतरून हळू चालत न्या. वहिनींना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, शक्य तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी माणूस दिसतो.

बसल्या बसल्या मात्र पुढे जाऊ नका, अगदी "हे काय, समोरच दुकान आहे" म्हणत असलात तरी. हवा नसलेला टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो, पण वॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग ट्यूब वॉल्व्हच्या मुळाशी फाटते, आणि तिथे ठिगळ लागत नाही. दहा मिनिटांचं काम नव्या ट्यूबवर जातं. दुकान खरंच दिसत असेल तर इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळूच सोडत गाडीशेजारून चाला. चढावर ढकलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

डिक्कीत काय ठेवायचं? दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), तिसरं असलं तर उत्तम, टोकं गुळगुळीत हवीत. वॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी. ठिगळं, पॉलिश पेपर, आणि सोल्यूशनची न फोडलेली ट्यूब. एकदा फोडलेली ट्यूब दोन-चार महिन्यांत आतल्या आत वाळते आणि नेमकं घाटातच कळतं. पक्कड, जुनं फडकं, टॉर्च, पाण्याची बाटली. वॉल्व्हच्या बुडाच्या नटाला लागेल तो पाना गाडीच्या टूलकिटमध्ये असतोच, पण एकदा उघडून बघा, सेकंडहँड गाडीत बहुधा ते पाकीट रिकामं असतं. आणि एक नवी ट्यूब, आपल्या चाकाच्या मापाची. माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. रस्त्यावर ट्यूब बदलायची झाली तर चाक उतरवावं लागतं हे खरं, पण वॉल्व्हजवळ फाटलेल्या ट्यूबला दुसरा उपाय नाही. ट्यूब सोबत असली की निदान कुठल्याही खेड्यातला पंक्चरवाला ती बसवून देतो. त्याच्याकडे तुमच्या मापाची असेलच असं नाही.

पंपाबद्दल सावध. घरच्या साध्या सायकलीचा पंप जसाच्या तसा चालत नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या सायकलींचा वॉल्व्ह वेगळा असतो आणि मोटारसायकलला कारसारखा वॉल्व्ह असतो. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, मोटारसायकलला बसणारं तोंड लावून मिळतं. पायाने दाबायचा पंप बरा. बॅटरीला जोडायचे कॉम्प्रेसर चांगले असतात, पण शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी इवलीशी, तिच्यावर तो भार टाकू नये. चार्जिंगचा स्वतःची बॅटरी असलेला पंप घेतलात तर प्रश्नच मिटला, फक्त निघताना तो चार्ज केलेला हवा.

आता मुख्य काम. गाडी डबल स्टँडवर, खाली जमीन टणक. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत टायरवर खिळा शोधा. सापडला तर लगेच उपटू नका. तिथे खडूने किंवा दगडाने खूण करा, कारण ट्यूबचं भोक कुठे आहे हे त्या खिळ्याने फुकटात सांगितलंय. खूण मडगार्डच्या मागे, हात पोचेल अशी आणा आणि मग खिळा काढा. एका बाजूला चेन आहे, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर. जिकडून हात नीट चालतो ती बाजू धरा, पण सायलेन्सर आधी थंड होऊ द्या.

पिन काढून उरलीसुरली हवा सोडा. वॉल्व्हचा नट सैल करा. आता टायरची कडा रिमपासून सुटी करायची. दोन्ही अंगठ्यांनी, तळहाताने, नाहीच सुटली तर लिव्हरच्या पाठीने, चाकाच्या पूर्ण गोलाईभर आणि दोन्ही बाजूंनी दाबत जा. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. जिथून उचकटायचंय त्याच्या बरोबर समोरची कडा त्या पन्हळीत उतरली की इकडे टायर सैल पडतो. सगळी किल्ली इथे आहे. ज्याला हे माहीत नसतं तो लिव्हरवर उभा राहतो आणि रिम वाकवतो. लिव्हर कडेखाली जेमतेम अडकेल एवढंच घाला, खोल गेलं की ट्यूब चिमटते आणि एकाची दोन भोकं होतात. पहिलं लिव्हर दाबून चाकाच्या तारेला टेकवून धरा, चार बोटांवर दुसरं घाला. असं वीत-दोन वीत कडा बाहेर आली की हात घालून ट्यूब ओढा.

खिळा सापडला नसेल तर सगळी बाजू उघडून ट्यूब पूर्ण बाहेर काढावी लागते. पिन लावा, थोडी हवा भरा, आणि ट्यूब गालाजवळून फिरवा. गालाला बारीक वारा लागतो, कानाला नाही लागला तरी. तेही नाही तर पाणी चोळा, बुडबुडे दिसतील. भोकाभोवती बॉलपेनने मोठी फुली मारा, नाहीतर घासताना जागा हरवते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी असताना खड्ड्यात आपटून रिमने ट्यूब चावली आहे. आणि भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर चाकाच्या तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय, तिकडे बघा.

ट्यूब कोरडी पुसा. ठिगळापेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, चकाकी जाऊन काळी-करडी, मखमलीसारखी दिसेपर्यंत. हवा सोडलेल्या ट्यूबवर सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. खरंच थांबा. ओलं असताना ठिगळ दाबणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सोल्यूशन म्हणजे साधा डिंक नव्हे, त्यातलं द्रावक उडून गेल्यावर ठिगळाचं रबर आणि ट्यूबचं रबर एकमेकांत धरतात. ओलावा मध्ये अडकला की ते धरत नाही. चार-पाच मिनिटांत थराची चमक जाते, बोट लावलं तर चिकटतं पण ओढून येत नाही, तेव्हा ठिगळाची पन्नी काढून, चिकट बाजूला बोट न लावता, मधून कडेकडे दाबा. पकडीच्या दांड्याने रगडा. वरून टाल्कम पावडर असली तर भुरभुरा, म्हणजे टायरला आतून चिकटत नाही.

सोल्यूशन वाळायची ती पाच मिनिटं रिकामं बसू नका, टायर आतून तपासा. बोट नाही, फडकं फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार किंवा काच आहे. पकडीने बाहेरून किंवा आतून ओढून काढा. टॉर्च इथे कामी येतो, दिवसासुद्धा.

परत बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. वॉल्व्ह सरळ उभा पाहिजे. पूर्ण बाजू उघडली असेल तर कडा वॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. शेवटच्या क्षणी वॉल्व्ह थोडा आत ढकला, म्हणजे त्याच्या मुळाशी ट्यूब कडेखाली दबत नाही. शेवटची वीत अंगठ्यांनीच चढवायचा प्रयत्न करा. थोडी हवा, चाक फिरवून टायरच्या कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसते का बघा, हवा सोडा, पुन्हा भरा. त्याने ट्यूबच्या सुरकुत्या निघतात. किती भरायची ते चेन कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकाचा मोठा आकडा बघा.

ट्यूबलेस टायरवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हे उत्तर तेही वाचतील. तिथे सुई आणि चिकट दोरी मिळते: खिळा काढा, खरखरीत कानशीने भोक साफ करा, सुईत दोरी ओवून आत घाला, टोक बाहेर ठेवून झटक्यात सुई ओढा, उरलेली दोरी कापा. हे फक्त टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागाला, बाजूच्या भिंतीला नाही. आणि टायरवर ट्यूबलेस लिहिलंय म्हणून आत ट्यूब नाही असं समजू नका. तारांच्या चाकावर पुष्कळदा तोच टायर ट्यूब घालून बसवतात. वॉल्व्हला बुडाशी नट आणि पूर्ण आटे दिसले तर आत ट्यूब असण्याचीच शक्यता जास्त.

ट्यूबमध्ये आधीच ओतून ठेवायच्या हिरव्या द्रवाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, मला पटत नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा भोकात बसलेला असतो, तिथे तो काम करतो. ट्यूब मात्र चिरते, आणि मग ठिगळ लावायची जागा त्या चिकट्याने बरबटलेली असते.

दुकानात करून घेतलंत तर पाण्याच्या टबात प्रत्येक भोक दाखवायला सांगा आणि "भिया, टायर अंदर से देख लिया?" एवढं विचारा. सगळे लबाड नसतात, पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम नीट होतं. स्वतः काढलं असेल तर पहिले काही किलोमीटर हळू जा आणि बडवाहला चिवडा घ्यायला थांबाल तेव्हा टायर अंगठ्याने दाबून बघा. राष्ट्रीय महामार्गावर अगदीच अडकलात तर 1033 वर फोन करता येतो.

श्रावणी सोमवारी जायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. इकडचा, म्हणजे मध्य प्रदेशातला, श्रावण आपल्या मराठी कॅलेंडरच्या पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमा झाली की सुरू होतो. आपण आषाढ समजून निघतो आणि याच रस्त्यावर, खंडवा रोडवर, कावडियांची रांग लागलेली असते. त्या दिवसांत पंक्चरवाल्याकडे आधीच पाच-सहा गाड्या उभ्या असतात, म्हणून ट्यूब, ठिगळं आणि पंप घेऊनच निघा.