ऐरणीच्या स्टँडला पाय किती?

प्रश्न: दादा, शेडमध्ये ५० किलोची ऐरण आहे, खालचा बाभळीचा ओंडका चिरला म्हणून स्टँड वेल्ड करायचंय, चार पाय देऊ का, आणि उंची?

उत्तर: तीनच द्या, फरशी वरखाली असली तरी डगमगत नाही. उंचीसाठी सरळ उभं राहून हात सोडा, मूठ वळा, बोटांच्या पेरांपाशी ऐरणीचा माथा आला पाहिजे, उंच झाली की खांदा भरून येतो, मी दोन महिने भोगलंय. वर १२ एमएमची प्लेट, पाय चौकोनी पाइपचे, आत वाळू भरा पण पूर्ण कोरडी, ओली असली तर वेल्डिंग करताना वाफ कोंडते. ऐरणीखाली सिलिकॉन लावलं की टणटणाट बराच कमी होतो. आणि ऐरण प्लेटला वेल्ड करू नका हो, पट्टी-बोल्टनेच आवळा, उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.