वाचकांचे प्रश्न : घाटमाथ्यावरचे आरमारी कागद आणि त्यांच्यासाठीचा निधी

सागरी वारशाच्या संशोधनासाठी आणि तो वारसा लोकांसाठी खुला करण्यासाठी पैसा कोठून मिळेल, असे विचारणारी चार पत्रे या सदराकडे आली आहेत. चारही पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील, म्हणजे समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो अशा भागातील आहेत. म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाकडे एका जुन्या वाड्यातून आलेले मोडी कागदांचे सुमारे चाळीस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी त्यांतील पाच-सहा चाळले, तेव्हा गलबते, गुराबा (लढाऊ जहाजे), बंदरांची जकात आणि आंगऱ्यांकडील पत्रव्यवहार यांचे उल्लेख आढळले. या कागदांवर संशोधन व्हावे आणि ते गावातील लोकांनाही पाहता यावेत, अशी इच्छा आहे. परंतु दोन ठिकाणी चौकशी केली असता ‘साताऱ्याचा समुद्राशी काय संबंध?’ असे ऐकावे लागले. अनुदान कोठे आणि कसे मागावे? (कार्यकारिणी सदस्य, सातारा)

उत्तर : आपल्याला ऐकावा लागलेला प्रश्न अडाणी असला तरी उपयोगी आहे, कारण प्रस्तावाचे पहिले पान त्याच्या उत्तरानेच भरायचे आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे कान्होजी आंगरे यांचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, याच गादीच्या मान्यतेने चालले. बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी केलेला समेट हा तर शाहूंच्या राजवटीतील पहिल्या मोठ्या राजकारणांपैकी एक होता. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उपद्रवामुळे चिपळूणजवळचे परशुराम सोडून धावडशीस येऊन राहिलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींचा आंगऱ्यांशी पत्रव्यवहार होता, आणि धावडशी साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. लढाई कोकणच्या पाण्यात झाली, तरी तिचा हुकूम, तिचा खर्च आणि तिच्याविषयीच्या तक्रारी घाटमाथ्यावर लिहिल्या गेल्या. आपल्या काळातील उदाहरणही जवळच आहे. मुंबईत १९७८ मध्ये मेरीटाइम हिस्ट्री सोसायटी स्थापन करणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहिले आणि शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या नौदलाच्या मोहिमेमागची प्रेरणा त्यांचीच होती.

मात्र संबंध सिद्ध झाला म्हणून पैसा मिळत नाही. ‘चाळीस रुमाल’ हे माप आपल्याला कळते, निधी देणाऱ्याला कळत नाही. त्याला कागद किती, साधारण कोणत्या काळातले, कोणत्या अवस्थेत आणि त्यांतील आरमाराशी किंवा बंदरांशी संबंधित किती, हे सांगावे लागते. म्हणून अर्जापूर्वी दोन-तीन महिने देऊन साधी यादी करावी. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्यावा, कागद मोजावेत, ओळखू येणारा सन आणि नाव टिपावे, आणि वाळवी किंवा ओल लागलेले रुमाल वेगळे नोंदवावेत. या कामाला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. ही यादी जोडलेला अर्ज आणि न जोडलेला अर्ज यांत तपासणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते.

दुसरी गोष्ट मालकीची. वाड्यातील कुटुंबाने कागद वाचनालयाला दिले, ते दान म्हणून की सांभाळण्यासाठी? याचे लेखी दानपत्र नसेल तर ते आताच करून घ्यावे, आणि त्यात छायाप्रती काढण्याची, प्रदर्शित करण्याची व संकेतस्थळावर ठेवण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत असावी. देणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने हरकत घेतल्यामुळे काम थांबते, ते बहुधा याच एका कागदाच्या अभावी. त्याचबरोबर धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांच्या बदलांचे चेंज रिपोर्ट मंजूर झालेले आहेत का, हेही पाहून घ्यावे. अनेक जुन्या वाचनालयांच्या दप्तरी अजून दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतात आणि अनुदानाच्या वेळी तीच अडचण उभी राहते. केंद्र सरकारच्या बहुतेक योजनांसाठी एनजीओ दर्पण या पोर्टलवरील नोंदणीही लागते.

आता कोठे मागावे हे सांगतो. हस्तलिखितांसाठीच्या केंद्रीय योजनांकडे सर्वांचे लक्ष प्रथम जाते, आणि तेथेच फसगत होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची जी व्याख्या केली, तिच्यात किमान पंचाहत्तर वर्षे जुनी, हाताने लिहिलेली, ज्ञानविषयक आशय असलेली रचना अपेक्षित होती; फर्माने, महसुली नोंदी यांसारखे ऐतिहासिक दस्तऐवज तिने वेगळे मानले होते. जकातीचा हिशेब किंवा गलबताच्या सामानाची यादी या चौकटीत बसवताना ओढाताण होते. आपल्या कागदांसाठी अधिक सरळ वाट भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची आहे. ही परिषद १९७२ पासून कार्यरत असून ती संशोधन प्रकल्प, अभ्यासवृत्ती आणि प्रकाशन यांसाठी साहाय्य देते. तेथे वाचनालयाने एकट्याने जाण्यापेक्षा इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाने प्रकल्पाची जबाबदारी घ्यावी आणि कागदांचे ठिकाण म्हणून वाचनालयाचे नाव यावे, असे मला वाटते. संशोधनाचा भाग तिकडून आणि जतन व प्रदर्शनाचा भाग स्थानिक देणग्यांतून उभा करावा, कारण दोन्ही खर्च एकाच अर्जात कोंबले की परीक्षकाला कोणताच भाग पुरेसा पटत नाही.

अंदाजपत्रकात एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. स्कॅनर, संगणक आणि कपाटे यांच्या किमती रुपयापर्यंत लिहिल्या जातात आणि मोडी वाचणाऱ्याच्या रकान्यात ‘मानद’ असा शब्द पडतो. वास्तविक स्कॅनिंग हे आठवड्यांचे काम आहे आणि लिप्यंतर हे वर्षांचे. वाचकाला मानधन नसेल तर शेवटी आपल्याकडे हजारो छायाचित्रे राहतील आणि त्यांत काय लिहिले आहे ते कोणालाच सांगता येणार नाही. चाळीसपैकी दहाच रुमाल घ्यावेत, पण त्यांचे लिप्यंतर पूर्ण करण्याइतके मानधन मागावे. सरकारी अनुदान बहुधा हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे या कामाचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

लोकांसाठी खुले करणे म्हणजे काय, हेही अर्जात ठरवूनच लिहावे. आठवड्यातून कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या देखरेखीखाली वाचकाला प्रती पाहता येतील? मूळ कागद कोणी हाताळायचे? प्रतींचा एक संच कोठे ठेवायचा? साताऱ्याला या प्रश्नाचा अनुभव जुना आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी येथे जमवलेला ऐतिहासिक कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो अभ्यासकांच्या हाती राहिला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण साताऱ्याच्या शाळकरी मुलाला तो पाहायचा तर पुण्याची एसटी पकडावी लागते. आपले रुमाल साताऱ्यातच राहावेत असे वाटत असेल, तर ते का आणि कसे राहतील हे अर्जात दिसले पाहिजे.

प्रश्न : मी एका साखर कारखान्यात लेखा विभागात काम करतो. आमच्या भागातील इतिहासप्रेमी मंडळी विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांविषयी फिरते प्रदर्शन तयार करणार आहेत. कारखान्याच्या सीएसआर निधीतून त्यांना मदत करता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपला कारखाना सहकारी आहे की खासगी, यावर सर्व अवलंबून आहे. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायचा खर्च, ठरवणारे कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ कंपन्यांना लागू आहे. सहकारी कारखान्यावर त्याचे बंधन नाही. सहकारी संस्थेला मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार नफ्याचा काही भाग सार्वजनिक किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येतो, आणि तो विषय सर्वसाधारण सभेपुढे रीतसर आला पाहिजे. उसाच्या दराचा विषय संपल्याशिवाय सभेत आरमार निघू नये, एवढे व्यवहारज्ञान आपल्याला मी सांगायला नको.

कारखाना कंपनी असेल आणि त्याची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठत असेल, तर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करणे बंधनकारक आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा उल्लेख आहे. त्यामुळे प्रस्तावात ‘संशोधन’ या शब्दापेक्षा जतन, प्रदर्शन आणि ग्रंथालय यांवर भर द्यावा. संशोधनाचे जे कलम त्याच अनुसूचीत आहे ते विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक यांच्याविषयी आहे, इतिहासाविषयी नाही. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आयकराची १२-अ व ८०-जी नोंदणी आणि सीएसआर-१ नमुन्यातील नोंदणी असावी लागते. केवळ मित्रमंडळ म्हणून काम करणाऱ्यांनी एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर हे काम करावे.

कंपन्या कार्यक्षेत्राजवळच्या कामाला प्राधान्य देतात, म्हणून सांगलीच्या संचालकांना विजयदुर्ग दूरचा वाटणे साहजिक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या जोडीने पन्हाळा आणि प्रतापगडही आहेत. बंदरातून घाटाकडे आणि घाटातून देशाकडे जाणाऱ्या व्यापाराची बाजू प्रदर्शनात आली, तर ते सांगलीचेही होईल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली, ती अशाच वाटांवरून आली असणार.

प्रश्न : इंग्लंडमधून जुन्या कागदांच्या डिजिटायझेशनसाठी अनुदान मिळते असे ऐकले. त्यात मूळ कागद लंडनला द्यावे लागतात काय? (वाई)

उत्तर : नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राममध्ये, जो २००४ पासून चालू आहे, मूळ कागद आपल्या देशाबाहेर जात नाहीत. डिजिटल प्रती मात्र अभ्यासासाठी सर्वांना खुल्या होतात. कुटुंबाला तेवढे मान्य आहे का, हे आधी विचारावे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. परदेशी पैसा घेण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) कायदा २०१० खालील नोंदणी लागते आणि त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असून मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. छोट्या वाचनालयाला ही अट झेपत नाही. देणगीदार आणि काम निश्चित असेल तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, तो सावकाश पण शक्य आहे. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातील भाग लहान संस्थेला देत असे; २०२० च्या दुरुस्तीनंतर तसे करता येत नाही. ‘आम्ही घेतो आणि तुम्हाला वळता करतो’ असे कोणी सांगितले, तर नम्रपणे नकार द्यावा.

प्रश्न : मी मिरजेत इतिहास घेऊन बी.ए. करत आहे आणि मला पाण्याखालील पुरातत्त्व शिकायचे आहे. पोहता येते. शिष्यवृत्ती कोठे मिळेल? (विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : प्रथम जमिनीवरचे पुरातत्त्व शिका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. करता येते, आणि त्यानंतर पुरातत्त्व विषयात नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) व कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार महिना ३७,००० रुपये मिळतात. आपण पात्र असाल त्यानुसार पीएच.डी.साठी सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही अभ्यासवृत्ती आहेत. पाण्याखालचे काम देशात मोजक्याच ठिकाणी चालते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची २००१ मध्ये स्थापन झालेली अधोजल शाखा ही त्यांतली प्रमुख नावे. उत्खनन पाण्याखाली असले तरी परवाना लागतोच, म्हणून हौशी पाणबुड्यांच्या गटाने ‘वस्तू काढायला चला’ म्हटले तर जाऊ नये.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज अजिंठ्यातील चित्रावरून उभे केले गेले. त्याचा खर्च संस्कृती मंत्रालयाने केला आणि बांधणी केरळच्या पारंपरिक कारागिरांनी केली. अशा प्रकल्पाला पाण्यात उतरणाऱ्यांइतकीच जुनी चित्रे, शब्द आणि हिशेब वाचू शकणाऱ्यांची गरज असते. बी.ए.च्या उरलेल्या काळात मोडी शिकून घ्यावी. साताऱ्याच्या पहिल्या पत्रलेखकांना अशा विद्यार्थिनीची गरज आहे, आणि दोघांची संमती आली तर मी आपला पत्ता त्यांना कळवीन.